पैसे दिले, देणे फिटले का?



एक काळ असा होता की आपल्या वाड्यांमध्ये सुट्टी म्हणजे मे महिन्यात मामाच्या घरी जाणे किंवा शेजारच्या धर्मग्रामाच्या सणाला नातेवाइकांकडे जेवायला जाणे. जाताना हातात केळ्यांचा घड असायचा, येताना त्यांच्या बागेतले काहीतरी पिशवीत पडायचे. राहण्या-जेवण्याचे पैसे द्यायचे असतात ही कल्पनाच कुणाच्या मनात येत नसे. परंतु देणे मात्र असायचे. त्यांच्या घरी लग्न निघाले की आपण मांडव घालायला जायचे, आपल्याकडे कोणी आजारी पडले की त्यांनी धावून यायचे. हिशेब कुठेही लिहिलेला नसे, पण तो सर्वांना पाठ असे.

आता दिवस बदलले आहेत. शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की मित्रमंडळी मिळून दोन-तीन दिवस बाहेर पडतात. कार्यालयात आठवडाभर राबणाऱ्या, सकाळच्या विरार लोकलमध्ये उभे राहून प्रवास करणाऱ्या माणसाला याची गरज असते. येथे सर्व व्यवहार रोखीचा असतो. खोलीचे भाडे, जेवणाचे बिल, गाडीचे पैसे चुकते केले की आपण मोकळे. खरेच मोकळे होतो का? पैसे दिले की देणे फिटते का? या प्रश्नावर आज आपण थोडा विचार करू या.

विश्रांती हे पाप नव्हे

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मौजमजा करणे म्हणजे काहीतरी चुकीचे, अशी एक अढी आपल्यापैकी काहींच्या मनात असते. ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रेषित काम करून थकून येतात, त्यांना जेवायलाही सवड मिळत नाही, तेव्हा प्रभू येशू स्वतःच त्यांना एकांतात चलून थोडा विसावा घ्यायला सांगतो. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात लिहिलेल्या आपल्या महान ग्रंथात खेळ आणि विनोद यांची माणसाला गरज आहे, असे प्रतिपादन केले आहे. त्यासाठी ते संत योहानाची एक जुनी गोष्ट सांगतात. योहान शिष्यांबरोबर खेळत बसलेला पाहून काही लोकांना धक्का बसला. त्यांच्यापैकी एकाच्या हातात धनुष्य होते. योहानाने त्याला एकामागून एक बाण सोडायला लावले आणि विचारले, असेच सतत करत राहिलास तर? धनुष्य मोडेल, असे तो म्हणाला. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे संताने त्याला समजावले.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३१ मे १९९८ रोजी रविवारविषयी एक प्रेषितीय पत्र लिहिले. त्यात आठवड्याच्या शेवटी घराबाहेर पडण्याच्या प्रथेची त्यांनी दखल घेतली आहे. त्यात चांगलेही पुष्कळ आहे, असे ते मान्य करतात. मात्र रविवार हा केवळ सुट्टीचा दुसरा दिवस होऊन बसला तर माणसाची दृष्टी आखूड होते, असा इशाराही ते देतात. तेव्हा प्रश्न विश्रांती घ्यावी की नाही हा नाही. ती कशी घ्यावी आणि कोणाच्या जिवावर घ्यावी, हा आहे.

कोचीतील दोन दिवस

काही काळापूर्वी आम्ही पाच मित्र-मैत्रिणी केरळातील कोची शहरात गेलो होतो. सर्वजण एकाच शाळेतले, आता पन्नाशीच्या आसपासचे. वसई रोडहून कोकण रेल्वेने एर्नाकुलमला जाता येते, परंतु त्यात एक दिवस जातो, म्हणून शुक्रवारी रात्रीचे विमान पकडले. मुक्काम फोर्ट कोचीत एका घरगुती निवासात होता. घरमालकीण बाईंना गल्लीतले सारे 'चेची' म्हणजे ताई म्हणत, म्हणून आम्हीही चेचीच म्हणू लागलो.

वसईकराला कोची परके वाटत नाही. येथेही पोर्तुगीज आले, किल्ला उभारला, चर्चेस बांधली. १६६३ साली डच लोकांनी कोची घेतली आणि पुढे ती इंग्रजांकडे गेली. आपल्या वसईत १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. फरक इतकाच की आपल्या किल्ल्यातली चर्चेस पडकी झाली आणि कोचीतील काही उभी राहिली.

सकाळी समुद्रकिनारी गेलो. तेथे ती प्रसिद्ध चिनी जाळी आहेत. किनाऱ्यावर उभ्या केलेल्या लाकडी सांगाड्याला मोठे जाळे टांगलेले असते. मागच्या बाजूला दोरखंडांना दगड बांधलेले असतात, त्यांचा तोल साधून चार-सहा माणसे मिळून जाळे पाण्यात सोडतात आणि काही मिनिटांनी वर ओढतात. ही पद्धत चीनच्या दर्यावर्दींनी आणली अशी परंपरा आहे. पोर्तुगीजांनी ती मकाव येथून आणली असेही काही अभ्यासक म्हणतात. आता मासळी पूर्वीसारखी मिळत नाही. जाळ्यावरचे कोळीबांधव पर्यटकांना दोरी ओढायला बोलावतात, फोटो काढू देतात आणि थोडे पैसे घेतात. आम्हीही दोरी ओढली. जाळ्यात चार-दोन मासे आले. पैसे दिले आणि पुढे निघालो.

तेवढ्यात आमच्यातली एक मैत्रीण म्हणाली, "त्या म्हाताऱ्या काकांचे हात पाहिलेत का? आपण एकदा दोरी ओढली, फोटो काढला. ते दिवसभर ओढतात. आपली गंमत ती त्यांची मजुरी आहे."

यावर दुसरा मित्र म्हणाला, "अगं, पण आपण पैसे दिले ना? त्यांनी मागितले तेवढे दिले. कोणावर जबरदस्ती झाली नाही. आता आणखी काय देणे लागतो आपण?"

मित्राचा मुद्दा हलका नाही. व्यवहार दोघांच्या खुशीचा असेल, फसवणूक नसेल, ठरलेली रक्कम चुकती केली असेल, तर उरते काय? शिवाय तो पुढे म्हणाला, "आपण आलोच नसतो तर त्यांचे बरे झाले असते का?" तेही खरे. २०२० साली कोरोनामुळे प्रवास बंद झाला, तेव्हा पर्यटनावर पोट असणाऱ्या किती घरांची चूल अडचणीत आली, हे आपण आपल्या किनाऱ्यावरही पाहिले आहे. म्हणजे घरी बसून राहणे हे काही पुण्य नव्हे. ही चर्चा दोन दिवस चालली. जेवताना, चालताना, बोटीत बसल्यावरही ती संपेना.

पंखा ओढणारे हात

फोर्ट कोचीत संत फ्रान्सिसचे चर्च आहे. भारतात युरोपियनांनी बांधलेल्या चर्चेसपैकी ते सर्वांत जुने मानले जाते. १५०३ साली येथे आधी लाकडी चर्च झाले, नंतर दगडी. वास्को द गामा १५२४ साली नाताळच्या आदल्या दिवशी कोचीतच मरण पावला आणि त्याला येथे पुरण्यात आले. १५३९ साली त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, परंतु कबरीचा दगड अजून आहे. पोर्तुगीजांनंतर हे चर्च डच प्रॉटेस्टंटांकडे, मग अँग्लिकनांकडे आणि आता चर्च ऑफ साउथ इंडियाकडे आहे.

पाहुणे त्या कबरीभोवती गर्दी करतात. आमचे लक्ष मात्र वर गेले. बाकांच्या वर आडव्या दांड्यांना कापडी झालरीचे जुने पंखे टांगलेले आहेत. विजेचे पंखे येण्यापूर्वी त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर काढलेल्या असत. बाहेर माणसे उभी राहून दोऱ्या ओढत आणि आत साहेबलोक गारव्यात प्रार्थना करत. त्या माणसांना मजुरी मिळत असेल. म्हणजे आमच्या मित्राच्या हिशेबाने देणे फिटले. तरीही मनाला काहीतरी टोचते. देवाच्या घरात काहींना गारवा मिळावा म्हणून काहींनी बाहेर उन्हात उभे राहायचे, ही मांडणीच बरोबर वाटत नाही.

का वाटत नाही? जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात एक साधा भेद केला आहे. काही गोष्टींना किंमत असते. त्यांच्या बदल्यात तेवढ्याच किमतीची दुसरी गोष्ट देता येते. काही गोष्टींना किंमत नसते, प्रतिष्ठा असते. त्यांच्या बदल्यात काहीच देता येत नाही. माणूस दुसऱ्या प्रकारात मोडतो. तेव्हा आपण पैसे देतो ते कामाचे. काम करणाऱ्या माणसाचे मोल त्या पैशात येत नाही, येऊच शकत नाही. नोट हातावर ठेवताना आपण त्याच्या तोंडाकडे पाहिले की नाही, त्याला 'अरे-तुरे' केले की 'काका' म्हटले, हे बिलात नसते. ते आपण देणे लागतो आणि ते पैशाने फिटत नाही.

आमचा मित्र म्हणाला, "ही झाली शिष्टाचाराची गोष्ट. गोड बोलल्याने कोणाचे पोट भरत नाही." हेही बरोबर आहे. गोड बोलून कमी पैसे देणारे महाभाग आपण सर्वांनी पाहिले आहेत. म्हणून दुसरी गोष्ट पाहिली पाहिजे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांच्या स्थितीवर प्रसिद्ध परिपत्रक काढले. त्यात नेमका हाच मुद्दा आहे. मालक आणि मजूर यांच्यात करार झाला म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी माणूस कमी पैशालाही हो म्हणतो. मजुरी अशी हवी की काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह झाला पाहिजे. हा न्याय कारखान्याला लागू आहे तसा पर्यटकालाही लागू आहे. रिक्षावाल्याशी वीस रुपयांसाठी हुज्जत घालून जिंकणारा माणूस त्याच संध्याकाळी हॉटेलात कितीतरी पटीने खर्च करतो. रिक्षावाल्याने 'बरं' म्हटले, यावरून व्यवहार न्याय्य होता असे म्हणता येत नाही. फक्त त्याला नाही म्हणणे परवडत नव्हते, एवढेच सिद्ध होते.

उलट उदाहरणही कोचीतलेच आहे. सतराव्या शतकात डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा मोठा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. माहिती दिली ती येथल्या वैद्यांनी. इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोकणी वैद्य. त्यांची नावे आणि त्यांची प्रमाणपत्रे पहिल्या खंडात छापली आहेत. कोकणी वैद्यांचा मजकूर तर नागरी लिपीत आहे. परक्या राज्यकर्त्याला सर्व श्रेय स्वतःकडे ठेवता आले असते. परंतु ज्यांचे ज्ञान घेतले त्यांची नावे त्याने घेतली. पंखा ओढणाऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. पैसे दोघांनाही मिळाले असतील. देणे फिटवण्याचा प्रयत्न मात्र एकाच ठिकाणी झाला.

बंद दरवाजा

शनिवारी दुपारी आम्ही मट्टनचेरीला गेलो. तेथील ज्यू टाउन नावाच्या गल्लीच्या टोकाला परदेसी सिनेगॉग आहे. १५६८ साली ज्यू लोकांनी ते बांधले. कोचीच्या राजाने त्यांना आपल्या राजवाड्याला लागून जागा दिली होती. गल्लीतली मसाल्यांची आणि जुन्या वस्तूंची दुकाने गजबजलेली होती, पण सिनेगॉगचा दरवाजा बंद होता. शनिवार हा ज्यू लोकांचा शब्बाथ. त्या दिवशी पर्यटकांना प्रवेश नसतो.

दारासमोर काही पर्यटक कुरकुर करत होते. "इतक्या लांबून आलो, पैसे द्यायला तयार आहोत, पाच मिनिटे उघडायला काय होते?" आमच्या मनात मात्र त्या दाराविषयी आदर निर्माण झाला. कारण येथे राहणारे ज्यू आता अगदी मोजके उरले आहेत. इस्राएल राष्ट्र १९४८ साली स्थापन झाल्यावर बहुतेक सर्व कुटुंबे तिकडे गेली. ज्यू धर्मात सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. तेवढेही येथे स्वतःचे उरले नाहीत. याच गल्लीत भरतकामाचे दुकान चालवणाऱ्या सारा कोहेन बाई २०१९ साली वयाच्या ९६ व्या वर्षी वारल्या. उतारवयात त्यांची काळजी घेणारा माणूस मुसलमान होता. इतके सगळे ओसरले, तरी शनिवारी दार बंद. ही वास्तू आधी देवाची आहे, मग पाहणाऱ्यांची, हे ते दार न बोलता सांगते.

म्हणजे पैसे देऊन सर्व काही मिळते असे नाही, आणि मिळूही नये. कोणाची प्रार्थना, कोणाचे दुःख, कोणाच्या घराची ओसरी या गोष्टी विक्रीला नसतात. आपण त्यांच्यासमोर थांबायचे असते. रविवारी दुपारी पुन्हा गेलो, तेव्हा दार उघडे होते. चपला बाहेर काढून आत गेलो. जमिनीवर चीनमधून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत. आदल्या दिवशी दार उघडे असते तर आम्ही त्या फरश्या पाहून लगेच निघून आलो असतो. एक दिवस थांबावे लागल्यामुळे अनवाणी उभे राहण्याचा अर्थ समजला.

शब्बाथच्या आज्ञेविषयी बोलायचे तर तिच्यातील एक बाब आपण सहसा विसरतो. निर्गमच्या विसाव्या आणि अनुवादच्या पाचव्या अध्यायात ही आज्ञा आहे. विश्रांती फक्त घरधन्याने घ्यायची नाही. त्याच्या दासाने, दासीने, बैलाने, गाढवाने आणि गावात राहणाऱ्या परक्यानेसुद्धा घ्यायची आहे. कारणही दिले आहे. तुम्ही स्वतः एकेकाळी इजिप्तमध्ये गुलाम होता, हे आठवा. म्हणजे दुसऱ्याला राबवून आपण विसावा घेणे हे त्या आज्ञेच्या मुळावरच येते.

रविवारची मिस्सा

रविवारी सकाळी आम्ही सांताक्रूझ बॅसिलिकात पवित्र मिस्सेला गेलो. या चर्चचा इतिहास मोठा आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधलेले मूळ चर्च इंग्रजांनी १७९५ साली पाडले. त्याचा एक दगडी खांब आवारात ठेवलेला आहे. आताच्या इमारतीचे पवित्रीकरण १९०५ साली झाले आणि १९८४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला बॅसिलिकाचा दर्जा दिला. आतील सुंदर चित्रे इटलीचे येशूसंघीय ब्रदर अंतोनियो मोस्केनी यांनी काढली आहेत. मंगळूरच्या संत अलॉयशियस चॅपलमधील चित्रेही त्यांचीच.

मिस्सा मलयाळम भाषेत होती. आम्हांला एक शब्द कळत नव्हता, तरी सर्व कळत होते. केव्हा उभे राहायचे, केव्हा गुडघे टेकायचे, केव्हा शेजाऱ्याला शांती द्यायची. शेजारच्या बाकावर एक ओळखीचा चेहरा दिसला. आदल्या रात्री ज्या लहान खाणावळीत आम्ही जेवलो, तेथे वाढणारा तरुण. रात्री तो आमची ताटे उचलत होता. सकाळी शांतीचे चिन्ह म्हणून आम्ही एकमेकांना हात जोडले आणि मग एकाच रांगेत उभे राहून ख्रिस्तशरीर स्वीकारले. त्या रांगेत कोण गिऱ्हाईक आणि कोण वाढपी? आमचा वाद घालणारा मित्र बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलला नाही.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक श्रद्धाग्रंथात याविषयी समतोल विचार आहे. उपाहारगृहांसारख्या ठिकाणी काहींना रविवारी काम करावेच लागते, हे ख्रिस्तसभा मान्य करते. परंतु आपल्या अनावश्यक मागण्यांमुळे दुसऱ्याला प्रभूचा दिवस पाळता येऊ नये असे वागणे टाळा, असेही ती सांगते. आमच्या चेची रविवारी पहाटेच्या मिस्सेला जातात. आम्ही शनिवारी रात्रीच सांगून ठेवले की नाश्ता नऊनंतर चालेल. त्यासाठी आम्हांला काही खर्च आला नाही. चेचींना मात्र धावपळ न करता मिस्सेला जाता आले. देणे फेडणे ते हेच.

आपण यजमानही आहोत

हा विचार आपल्या धर्मग्रामाला विशेष जवळचा आहे, कारण आपण दोन्ही बाजूंना आहोत. शनिवार-रविवारी मुंबईहून हजारो लोक अर्नाळा, राजोडी, भुईगाव, सुरुची येथे येतात. त्यांच्यामुळे आपल्यातील अनेकांना रोजगार मिळतो. परंतु वाडीच्या अरुंद रस्त्यावर रात्री कर्णे वाजवणाऱ्या गाड्या, किनाऱ्यावर फुटलेल्या बाटल्या, शेताच्या बांधावरचे प्लास्टिक, किल्ल्यातील पडक्या चर्चच्या वेदीच्या जागी चढून काढलेले फोटो, हेही आपण सोसतो. त्यातले बहुतेक लोक वाईट नसतात. त्यांनीही रिसॉर्टचे पैसे दिलेले असतात. पैसे दिले, आता हे दोन दिवस आपले, असे त्यांना वाटते. येथे कोणीतरी रोज राहते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

आपल्या अंगणात जे आपल्याला खुपते, ते दुसऱ्याच्या अंगणात आपण करता कामा नये. जे दुसऱ्यांनी आपल्यासाठी करावे असे वाटते ते आपण त्यांच्यासाठी करावे, हा प्रभूचा सुवर्णनियम सहलीला जाताना घरी ठेवून जायचा नसतो. त्याचप्रमाणे यजमान म्हणूनही आपली जबाबदारी आहे. आपल्या रिसॉर्टमध्ये, बागांमध्ये काम करणारी मुले-मुली, त्यातले कितीतरी आदिवासी पाड्यांवरून आणि परप्रांतांतून आलेले, त्यांना आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती मिळते का? पाहुण्यांच्या गर्दीमुळे रविवार मिळत नसेल तर दुसरा एखादा दिवस मिळतो का? त्यांच्यापैकी जे ख्रिस्ती आहेत त्यांना मिस्सेसाठी सोडले जाते का? हे प्रश्न आपण एकमेकांना विचारले पाहिजेत.

मग मौज कुठे राहिली?

कोणी म्हणेल, इतका विचार करायचा तर सहलीला जायचे कशाला? डोके हलके करायला गेलो आणि डोक्यावर ओझे घेऊन आलो! आमचा अनुभव वेगळा आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले. फायद्यासाठी केलेली, मौजेसाठी केलेली आणि एकमेकांच्या चांगुलपणावर उभी राहिलेली. पहिल्या दोन लवकर मोडतात. तिसरी टिकते आणि तिच्यात मौजही असते. पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही एका बाकावर बसलो ते मौजेसाठी. या दोन दिवसांत त्या मित्राने प्रामाणिकपणे प्रश्न विचारला नसता आणि मैत्रिणीने त्या काकांच्या हातांकडे आमचे लक्ष वेधले नसते, तर आम्ही फक्त मासे खाऊन आणि फोटो काढून परतलो असतो. वाद झाला, तरी हसणेही भरपूर झाले. करीमीन मासा कोणाच्या ताटात मोठा आला यावरून तर अजूनही भांडण चालू आहे.

एक गोष्ट आणखी सांगण्यासारखी आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला, तेव्हा किनाऱ्यावरच्या कोळीबांधवांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून आतल्या गावांत नेल्या आणि बुडणाऱ्या हजारो लोकांना बाहेर काढले. ज्यांना एरव्ही कोणी विचारत नव्हते, ते लोक सर्वांच्या आधी धावून गेले. त्यांनी भाडे ठरवून होड्या काढल्या नव्हत्या. पाहुणे म्हणून आपण ज्यांच्या हातावर नोट ठेवून पुढे जातो, ते हात असे असू शकतात. अनोळखी पाहुण्यांचे स्वागत करताना काहींनी नकळत देवदूतांचे स्वागत केले, असे इब्रींस पत्रात म्हटले आहे. पाहुणा म्हणून गेलेल्यानेही तीच शक्यता ध्यानात ठेवायला हवी. यजमानाच्या रूपातही तो भेटू शकतो.

तेव्हा बंधुभगिनींनो, पुढच्या सुट्टीत अवश्य बाहेर पडा. जाण्यापूर्वी तेथील मिस्सेची वेळ विचारून ठेवा. ज्याच्याकडून काम घेता त्याचे नाव विचारा आणि त्या नावाने हाक मारा. गरिबाशी घासाघीस करू नका. दार बंद असेल तर कुरकुर न करता थांबा. कचरा आपल्या पिशवीत घेऊन या. आणि परतल्यावर ज्या घरात राहिलात तेथे एक फोन करा, सुखरूप पोहोचलो म्हणून. पूर्वी मामाकडून परत आल्यावर आपण खुशालीचे पत्र टाकत होतो ना? कोचीहून परत आल्यावर आम्ही चेचींना फोन केला. त्यांना मराठी येत नाही, आम्हांला मलयाळम येत नाही, मोडक्या इंग्रजीत दोन वाक्ये झाली. त्यांनी एवढेच विचारले, घरी सगळे बरे आहेत ना, आणि पुन्हा कधी येणार?

या प्रश्नाला पावती नसते. पैसे आम्ही शुक्रवारीच दिले होते. देणे अजून चालू आहे, आणि ते तसेच चालू राहो.